चौथी गादी देवरावला

मी, शालिकराम गोविंदराव लांजेवार, वय सदुसष्ट, धंदा आरा मशीन, राहणार लकडगंज, नागपूर, लिहून ठेवतो की माझे पाय गेले असले तरी डोके जागेवर आहे. बायकोचे मत वेगळे आहे. तरीही हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करीत आहे.

१. राहते घर पत्नी सुभद्रा हिचे. ती असेपर्यंत कोणीही तिच्यापुढे कोरा कागद धरून "आई, इथे फक्त सही कर" म्हणायचे नाही.

२. आरा मशीनमधला माझा वाटा मुलगा रविंद्र यास. मशीनवर त्याने रोज जावे.

३. माझी जुनी चाकांची खुर्ची व तीवरील गादी माझा भागीदार देवराव वैरागडे यास. मी हे चिडून लिहितो आहे असे घरात सगळ्यांना वाटते. ते खरे आहे.

लाकडांच्या थप्पीवरून पडून मी खुर्चीत आलो तेव्हा पहिली गादी कापसाची शिवली. महिनाभर सुख दिले, मग तिचे गोळे झाले आणि मी लाडवांच्या परातीत बसल्यासारखा दिसू लागलो. दुसरी फोमची. नवी असताना इतकी मऊ, की दुपारी सुभद्रा ती उशाला घेई. दोन उन्हाळ्यांत तिचा भुगा झाला. वरून फुगीर, बसले की थेट फळी. तिनेच मला फोड दिला आणि मी पावसाळाभर पालथा पडून होतो. तिसरी ट्रकच्या ट्यूबची. रविंद्रच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना तिची हवा हळूहळू सुटली. तो आवाज गादीचा होता, हे व्याह्यांना अजून पटलेले नाही.

प्रत्येक गादीला देवराव हसला. "राजा झाला का गा, शालिक? आम्ही फळीवर बसून राहिलो, अन् तुले मखमल पायजे!"

गेल्या पोळ्याला त्यालाच लकवा झाला. तेव्हापासून खाटेवर आहे. खुर्चीचे नाव काढले की भिंतीकडे तोंड करतो. मला मशीनवर करमत नाही. हे कोर्टात वाचले गेले तरी चालेल.

गादी चौथी आहे. खाली टणक फोम, वर मऊ, खोळ सुती. दर आठवड्याला उलटावी, उन्हात टाकू नये. बसल्यावर खाली हात घालून पाहावे. हाड हाताला लागले तर नवी करावी, भांडू नये.

४. साक्षीला मला देवरावच हवा. वकील दत्तोपंत म्हणतात, घेणाऱ्याची साक्ष नको. म्हणून कलम ३ रद्द. खुर्ची मी आजच देऊन टाकली. माझ्याकडे जयाने, म्हणजे मुलीने, पाठवलेली नवी आहे.

५. साक्षीदाराने मला सही करताना पाहिले पाहिजे, आणि माझी खुर्ची देवरावच्या पायऱ्या चढत नाही. तो आल्याशिवाय मी सही करणार नाही. रविंद्रचा वाटा अडकल्यामुळे तो स्वतः चार हमाल घेऊन त्याला आणायला गेला आहे.

नागपूर, दि. ९ जानेवारी १९७८
सही: शालिकराम गोविंदराव लांजेवार

साक्षीदार:
१. दत्तोपंत देशकर, वकील
२. देवराव वैरागडे. उजवा हात चालत नसल्याने डावा अंगठा. त्यांच्या सांगण्यावरून मी, दत्तोपंत, शब्दशः लिहितो: "शालिकनं माह्यासमोर सही केली. मी खुर्चीत बसून आलो, साऱ्या लकडगंजनं पायलं. गादी बरी हाये. मले घरी न्याची घाई करू नका."