जीभ लई ये

३ मार्च २०२५, सोमवार

रोज्यांचा दुसरा दिवस. चार वाजता नईमाने भिंतीवरून हाक मारलीच — "रंजना! जीभ लई ये!"

बावीस वर्षं हेच चाललंय. रोजा असला की तिला चव घेता येत नाही. आणि चव घेतल्याशिवाय स्वयंपाक म्हणजे डोळे मिटून रिक्षा चालवणं, असं बाईंचं म्हणणं. म्हणून मी हातातलं काम टाकून जायचं, चमचा तोंडात घालायचा आणि तोंडावर सांगायचं — मीठ कमी, आंबट जास्त, अजून पाच मिनिटं ठेव. माझ्या तोंडाला गल्लीत सगळे घाबरतात. आमच्या अंगणवाडीच्या सुपरवायझर मॅडमसुद्धा! नईमा म्हणते, "बठ्ठं जग गोड बोलस, तू खरं बोलस. म्हनीसन तुले बलावस."

आज भज्यांच्या पिठात मीठच नव्हतं. चिमूटभरही नाही. सांगितलं तर "हाय अल्ला!" करून कपाळावर हात मारून घेतला. एवढी वर्षं झाली, असं कधी विसरली नव्हती.

८ मार्च

आज महिला दिन. अंगणवाडीत आम्हालाच खुर्च्या मांडायला लावल्या आणि आमचाच सत्कार केला!

दुपारी नईमाच्या ओट्यावर तिघी. मी, नईमा आणि मुस्कान. मुस्कान म्हणजे समोरच्या कापडवाल्या जैनांची सून. अंडं नको, कांदा-लसूण नको, बटाटा नको, दिवस बुडाला की पाणीही नको. नईमा तिला विचारते, "तुन्हा वाढदिवसले काय वारा खावाडू का?" तरी तिच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलंय, कडेला लाल ठिपका लावून. त्यात बिनअंड्याचा रव्याचा केक करते आणि मुस्कान तो सासूबाईंच्या चोरून इथेच बसून खाते.

विषय निघाला माझ्या हर्षलच्या वाढदिवसाचा. मंगळवारी बाविसावं लागेल. पुण्याहून येतोय. केक आणू का, असं मी म्हटलं. नईमा तडकलीच. तो पाच वर्षांचा होता तेव्हापासून तांदळाची खीर तिची, हे ठरलेलं. म्हटलं, अगं रोजा धरून तीन तास दूध आटवत उभी राहशील? तर — "मन्हा बी पोऱ्या शे तो." झालं! पुढे बोलायची सोयच नाही.

मग माझं नेहमीचं तोंड नडलं. तिचे दहीवडे दगड झाले होते. तिचे मालक वाहिदभाई गादीच्या गिऱ्हाइकाला घेऊन आत आले होते, त्यांच्यादेखत मी म्हटलं, "या वड्यांची भिंत बांध." सगळे हसले. नईमा हसली नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. याहून वाईट बोलले आहे मी आजवर, तेव्हा लाटणं घेऊन मागे लागायची. रडली नव्हती कधी.

घरी येऊन फार वाईट वाटलं. वाढदिवसाला तरी तोंड गोड ठेवायचं. ठरवलं.

११ मार्च

हर्षलचा वाढदिवस.

चारला हाक आली. गेले. नईमा घामाने चिंब, ओठ सुकलेले, चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा. पातेलं भरून खीर. वरून चारोळी, बदाम, केशर. "चाख!"

चमचा तोंडात घातला — करपट. दूध बुडाला लागलेलं. थोडंथोडकं नाही, धुराचा वास थेट नाकात. पातेल्याशेजारी उभं राहिलं तरी येत होता. तिला कसा आला नाही? पण ती अशी बघत होती माझ्या तोंडाकडे... उपाशीपोटी, माझ्या पोरासाठी.

म्हटलं, "अव्वल."

बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले तिच्याशी.

हर्षलने एक चमचा खाऊन तोंड वाकडं केलं. "आई, करपलीये." म्हटलं, गप गिळ. दोन वाट्या मी खाल्ल्या. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात शेव भरून दिली आणि "पोराने बोटं चाटली" असं सांगितलं.

१२ मार्च

सकाळी नळाला पाणी आलं होतं, मी हंडे भरत होते. नईमा भिंतीपाशी आली. म्हणाली, इफ्फत म्हणते खीर जळलेली होती. (इफ्फत तिची लेक, फार्मसीला आहे.) रात्री इफ्तारला मायलेकींचं वाजलं म्हणे. नईमाला स्वतःला तर चांगली लागली.

"तू चाखेल व्हती. खरं सांग."

मी हसून म्हटलं, "तुझ्या पोरीचं नाक जळकं!"

"तसं नको. खरं सांग, रंजना. कशी व्हती?"

"अव्वल होती गं बाई. किती वेळा सांगू? हंडा भरून वाहतोय माझा."

तिचा चेहरा एवढा खुलला! एका खिरीसाठी एवढं काय, मला कळेना. पण बरं वाटलं मला. एखादं खोटं बोलल्याने माणूस खूश होतं तर होऊ दे.

३१ मार्च

ईद. शीरखुर्मा यंदा इफ्फतने केला. नईमाचं डोकं दुखत होतं. रोज्यांनी शीण आला म्हणाली.

१ जून

नईमाचा वाढदिवस. म्हणजे शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेला. खरी तारीख तिच्या आईलाही आठवत नव्हती. तिला विचारलं तर म्हणते, "मास्तरनी आंबासना दिन धरीसन लिखं, भला मानूस व्हता."

म्हणून दर वर्षी या दिवशी माझे खापरावरचे मांडे आणि आमरस. सकाळपासून अंगणात चूल पेटवली, खापर पालथं घातलं. हातावर मांडा वाढवताना आता खांदे भरून येतात, पण एकही फाटला नाही. मुस्कान पहिला मांडा उचलून फोटो काढत बसली. थंड झाल्यावर काय खाणार कपाळ?

नईमाने रस खाल्ला आणि म्हणाली, "यंदा आंबासले वासच नही."

मुस्कान म्हणाली, वास नाही कसा, घर भरलंय की! मी म्हटलं, औषध मारून पिकवतात हल्ली. असं म्हणून मोकळी झाले. नईमाने अत्तरही किती लावलं होतं — शेजारी बसवेना. मुस्कान म्हणाली, "भाभी, बाटली सांडली का?" हसलो आम्ही. ती पण हसली, जरा उशिरा.

२० जुलै

नईमा बाजारात पडली. भाजीच्या पाटीवरच. हात-पाय ताठ, तोंडाला फेस. वाहिदभाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. इथले डॉक्टर म्हणाले सुरतला न्या.

२४ जुलै

सुरत. मी पण गेले सोबत, रजा टाकून.

मेंदूत गाठ आहे. कपाळाच्या मागे. लिंबाएवढी, डॉक्टरांनी बोटं वळवून दाखवलं.

त्यांनी नईमाला विचारलं, वास येणं कधीपासून बंद झालं? ती म्हणाली, आंब्यांपासून. इफ्फत खाली बघत होती. मी भिंतीकडे बघत होते. तोंडाशी आलं होतं — आंब्यांपासून नाही साहेब, मार्चपासून! अकरा मार्चपासून! चमचा माझ्याच तोंडात होता!

पिशवीतले रिपोर्ट नीट लावत बसले.

डॉक्टर वाहिदभाईंना आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, गाठ जोरात वाढतेय. वास जाणं, विसरणं, उगाच रडणं — ही सुरुवात असते. तीन-चार महिने आधी आला असतात तर हातात खूप काही होतं. वाहिदभाई म्हणाले, "साहेब, कुणाला कळणार होतं?"

परतीच्या गाडीत इफ्फतने पोळीचा डबा उघडला. मी माझी पोळी परत डब्यात ठेवली.

१२ ऑगस्ट

ऑपरेशन झालं. सगळी निघाली नाही.

१६ सप्टेंबर

घरी आणलंय तिला. डोक्याला रुमाल. एवढीशी झालीये. बोलते, पण शब्द शोधत. खात काहीच नाही. चमचा नेला की ओठ मिटते.

मुस्कान दिवस बुडायच्या आत मूगडाळीचा शिरा घेऊन आली. नईमाने वाटी माझ्याकडे सरकवली. "तू खाय. अन् सांग."

मला आधी कळेना. मग कळलं. रोज्यासारखंच! मी खाल्ला आणि सांगितलं — तूप जास्त झालंय. डाळ छान भाजलीये, खमंग. गोड बरोबर. वेलची जुनी आहे. नईमा डोळे मिटून ऐकत होती, गिळल्यासारखा गळा हलत होता. मुस्कान म्हणाली, "माझी वेलची जुनी नाहीये!" आणि पदर तोंडाला लावून बाहेर पळाली.

आता रोज जाते. काल वरण-बट्टी खाल्ली तिच्यासमोर, आज शेवभाजी. रस्सा किती तिखट, बट्टी कुठे कच्ची, सगळं सांगते. एक शब्द खोटा नाही. देवा, आता एक शब्द खोटा नाही!

२७ सप्टेंबर

आज ठरवूनच गेले. कोणी नव्हतं. तिचा हात धरला आणि म्हटलं, "नईमा, हर्षलच्या वाढदिवसाची ती खीर..."

तिला आठवली! कालचं आठवत नाही, पण ती आठवली. तोंडभर हसली. "अव्वल व्हती ना?"

काय करणार होते मी? कोणाला शक्य आहे?

म्हटलं, "हो. अव्वल."

४ ऑक्टोबर

नईमा गेली. सकाळी सहा वीसला.

५ ऑक्टोबर

तीन दिवस त्यांच्याकडे चूल पेटणार नाही. पहिल्या दिवसाचं जेवण माझं, असं मी कोणाला विचारलं नाही, सांगितलं. चाळीस माणसांचं वरण, भात, वांग्याची भाजी. चव घेतली नाही. चमचा तोंडाजवळ नेला की हात थांबायचा. तसंच पाठवलं. मीठ बरोबर होतं का, कोणी बोललं नाही. मयताच्या घरी कोण बोलणार?

काल तिला नेलं तेव्हा बायका दारातच थांबल्या. मुस्कान माझ्या दंडाला धरून उभी होती, नखं रुतेपर्यंत. मला रडू आलं नाही. आज लाल ठिपक्याचं पातेलं त्यांच्या मोरीत पालथं दिसलं आणि मग आवरेना. मोरीतच बसले. इफ्फतने उठवलं मला. खरं तर मी तिला उठवायचं!

२२ ऑक्टोबर

पाडवा. हर्षल आलाय. ताटावर म्हणाला, "आई, तेव्हाची ती खीर... तुला कळलं होतं ना?"

म्हटलं, जेव.

तो जेवला. मी कढई घासत बसले, ती घासलेली होती तरी.

१९ फेब्रुवारी २०२६

आजपासून रोजे. चार वाजता अंगणात कपडे काढत होते. अर्धा तास त्याच दोन साड्या काढत होते. भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाकी काही नाही.

तोंडावर बोलणारी म्हणून मिरवले आयुष्यभर. जिथे बोलायचं तिथेच गोड झाले. दगडी वडे म्हणताना जीभ अडली नाही माझी! मला माझाच राग येतो, आणि तो कोणाला सांगायचा तर ती भिंतीपलीकडे नाही.

१० मार्च

उद्या हर्षलचा वाढदिवस. त्याला फोनवर सांगितलं, येऊ नको, रजा कशाला घालवतोस. काही करणार नाही.

इफ्फतला सांगून टाकावं असं रोज वाटतं. निदान तिला तरी. भिंतीपर्यंत जाते आणि परत येते.

११ मार्च

चार वाजता हाक आली — "मावशी! जीभ घेऊन या!"

इफ्फत. रोजा धरून, आईच्याच पातेल्यात हर्षलसाठी खीर केलीये. म्हणाली, "आज रात्रीच पुण्याला माणूस जातोय, डबा पाठवू." मग दूध हलवता हलवता, माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "मावशी, मागच्या मार्चला मी अम्मीसाठी सुरतच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. अठरा तारखेची. खीर एवढी जळलेली आणि हिला वास नाही, मला भीती वाटली. ती यायला तयार होती. मग सकाळी भिंतीवरून तुम्हाला विचारून आली आणि म्हणाली, रद्द कर, रंजना अव्वल म्हणते, ती खोटं नही बोलस. मी ऐकलं तिचं. फार शिव्या घातल्या मी स्वतःला, मावशी. मग वाटतं, तुम्हालाही कळलं नाही, तर मला काय कळणार होतं? त्यावरच झोप लागते मला."

चमचा भरून माझ्यापुढे धरला.

"कशी झालीये? अम्मीला सांगायचात तसं, खरं सांगा."