बूट जड, डोकं हलकं

हाले, जर्मनी, ऑक्टोबर १९३३

हेनी पोरी,

तुझं प्रागहून आलेलं पत्र पोचलं. तुझी लेक लिझल बरी आहे, तिचा दात पडला. तू तिसऱ्यांदा विचारलंस, "आई, माझं नाव फोडलं कोणी?" दोनदा मी लिहिलं, माहीत नाही.

लेखाखाली तू पुरुषाचं नाव घालायचीस. मला चार ओळी वाचायला अर्धा तास लागतो. पण फेब्रुवारीत पाववालीने दुकानात पेपर मोठ्याने वाचला, "ज्याचे बूट जड, त्याचं डोकं हलकं." बायका हसल्या. ती म्हणाली, "काय लिहितो हो हा बाबा."

मी म्हटलं, "बाबा कसला? हे माझं वाक्य आहे, नवऱ्याला रोज ऐकवायचे. लिहिणारी माझी हेनी."

सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. तसं मला आजवर कोणी बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी नाझींचे दोघे जड बूट वाजवत दारात आले आणि तू कोट न घेता मागच्या दाराने गेलीस. तो कोट कापून मी लिझलला शिवला. तिला सैल होतो.

हे पत्र चुलीत जाईल. उद्या दुसरं लिहीन. लिझल बरी आहे, दात पडला, आणि माहीत नाही.

वाक्य जिचं, ती तुझी
आई