सातव्या फेरीतलं चुकलेलं घर

प्रिय ताई,

आधी यादी देतो, म्हणजे तुला हसायला विषय मिळेल. बेअरिंगच्या गोळ्या सळईच्या टोकाला बसवून केलेल्या तीन दाबण्या: एक ज्वारीएवढी, एक मोहरीएवढी, एक खसखशीएवढी. शिवणाच्या चार सुया पितळी मुठीत एका उंचीवर पक्क्या करून बनवलेली टोचणी. नखं कापायच्या कात्रीची पाती घासून केलेली कातरणी. खाली घ्यायला रबराची मऊ गादी. ही झाली हत्यारं. त्यांनी केलेला माल म्हणजे वाढदिवसाची कार्डं, पुस्तकात घालायच्या खुणा, टेबलावरच्या दिव्याची एक छत्री, आणि एक गोल, वीतभर व्यासाचा. सगळं माझ्या हातचं, कुणाकडून न शिकता. भावोजी, पत्र तुम्हीच वाचून दाखवताय म्हणून सांगतो, हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. आणि मधलं काही गाळू नका. तुमची सवय मला ठाऊक आहे.

तर हे कागदावरचं काम. इथल्या वाचनालयाची लिफ्ट अडकली होती म्हणून दुरुस्तीला गेलो होतो. सुटा भाग यायला वेळ होता. शेजारच्या खोलीत सात-आठ बायका टेबलाभोवती माना घालून बसलेल्या, आणि त्यांच्यापुढे पांढरीशुभ्र लेस. मला वाटलं क्रोशा. मी आपला दोरा शोधतोय, तर दोरा नाहीच! कागद होता. दुधाच्या सायीसारखा, पलीकडचं अंधूक दिसणारा. त्याला पार्चमेंट म्हणतात. तो मागून हलके दाबत गेलं की दाबल्या जागी पांढरा होतो आणि पुढून उठून येतो. मग सुईनं भोकं पाडायची, भोकांमधला कागद कातरायचा, की जाळी तयार. शिकवणाऱ्या बाई माझ्या हातांकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, पान्याच्या हाताला हे जमत नाही, फाटतं. झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. येताना कागद घेऊनच घरी आलो. तुझी भावजय म्हणाली, लिफ्ट दुरुस्त करायला गेलात आणि बायकांच्या वर्गात उतरलात होय? गेली तीन वर्षं हा एकच विनोद ती पाहुण्यांना ऐकवते.

पहिलं फूल मी सुलट बाजूनं दाबलं. फुलायच्या ऐवजी त्याचा खळगा झाला, बशीसारखा. दुसरं पालथं घालून दाबलं, पण एका दमात, नट आवळावा तसं. टर्रकन फाटलं. मग कळलं की मोठ्या गोळीनं सुरुवात करायची, कागदाला जरा विसावा द्यायचा, मग लहान गोळी. घाई केलेली त्याला कळते. आणि सगळं काम पालथ्या बाजूनं. आपण काय करतोय ते उलटून बघितल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा मला सारखी तू आठवायचीस.

कारण तू कधी हाताकडे बघायचीसच नाहीस. खिडकीतल्या बाकावर पाय दुमडून बसायचीस, खालून जाणाऱ्या प्रत्येकीशी बोलायचीस, कुणाच्या सासूनं काय म्हटलं ते माझ्यापर्यंत पोचवायचीस, आणि क्रोशाची सुई आपली चाललेली. माझं काम दोऱ्याचा गुंडा धरायचं आणि विणीतली घरं मोजायचं. मी पट्टी लावून बघायचो, दोन पाकळ्यांमधलं अंतर सारखं आहे का! तू म्हणायचीस, अरे मोजपट्टी, बोटांनी मोजायचं असतं, डोळे गप्पांना लागतात. दिवे गेले तरी तुझी फेरी थांबायची नाही. आई स्वयंपाकघरात काडेपेटी शोधत धडपडायची आणि तू अंधारात तिला सांगायचीस, फळीवर, डब्याच्या मागे.

म्हणून भावोजींनी फोनवर सांगितलं ते मला पटलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, एवढं कळलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू! पण तू सुया, दोरे, नमुने सगळं पेटीत भरून माळ्यावर टाकायला लावलंस, भाचीनं गुंडा हातात दिला तर फेकलास, आणि आता मला काय जमतं, काय नाही, ते माझं मी बघेन म्हणालीस, हे ऐकून मी फोन असा ठेवला की तुझ्या भावजयीला वाटलं कुणी गेलं की काय.

मी इकडे यायला निघालो त्या आठवड्यात तू मला एक गोल रुमाल विणून दिला होतास, आठवतो? बॅगेत सगळ्यात वर ठेवलास, म्हणालीस, तिकडे टेबलावर काहीतरी आपलं असू दे. एवढ्या वर्षांत पाच घरं बदलली, रुमाल प्रत्येक टेबलावर होता. फोन आला त्या रविवारी तो समोर घेऊन बसलो आणि ठरवलं, हाच कागदावर उतरवायचा. वर कागद ठेवून गिरवणं सोपं होतं, पण तसलं काम मी करत नाही. भिंग घेऊन एकेक फेरी मोजत नकाशा काढला. आणि सातव्या फेरीत थांबलो. एक घर कमी. पुन्हा मोजलं. कमीच! ताई, तू चुकली होतीस. अंधारात न चुकणारी तू, नेमकी त्या आठवड्यात.

मला काय, चूक दिसली की हात शिवशिवतात. सुधारली. सातवी फेरी बरोबर केली, पुढच्या सगळ्या तुझ्याबरहुकूम. महिनाभर जीव ओतला आणि कडेला पोचलो तर एक पाकळी जास्त, तिला बसायला जागाच नाही. सगळा गोल एका बाजूला वर आलेला, रुसल्यासारखा. मग आठवी फेरी नीट बघितली. तिथे तू एका घरात दोन खांब, म्हणजे उभे टाके, घातले होतेस, कुणाला दिसणार नाहीत असे. झालेली चूक पुढच्याच फेरीत पोटात घातली होतीस आणि वरपर्यंत सुखानं गेली होतीस. मी सुधारलेला गोल कचऱ्यात गेला. नवा कागद घेतला, आणि तुझी चूक तुझ्या जागी ठेवून पहिल्यापासून केला.

तोच या पत्राबरोबर आहे. यासाठीच एवढं लिहिलं. भावोजी, खोका सावकाश उघडा, गोल काढा आणि हिच्या मांडीवर ठेवा. ताई, हात कोरडे करून घे, ओलाव्यानं कागद सुरकुततो. मधोमध बोट ठेव आणि बाहेर सरकत जा. मी एकेक घर उठवलंय, हाताला लागेल इतकं. सातव्या फेरीत तुझं चुकलेलं घर सापडलं की तिथेच थांब, आणि पेटी माळ्यावरून खाली काढायला सांग. मला तसलाच दुसरा रुमाल हवा आहे, जुना विरत चाललाय. चूक घाल, नको घाल, ती तुझी मर्जी.

आणि हे ओझं समजू नकोस, पण तुझी भावजय सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगतो. वाचनालयात अशा कागदकामांचं प्रदर्शन होतं, मीही गोल ठेवला होता. शिकवणाऱ्या त्याच बाई या गोलापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, मग एका दुकानाच्या मालकिणीला घेऊन आल्या. तिला हा काचेत लावायला हवा होता. मी सांगितलं, हा आधी माझ्या बहिणीकडे तपासायला जायचाय. तिनं आकडा वाढवला, मी नाहीच म्हटलं. शेवटचा आकडा आपल्या पैशात एक लाख दहा हजार. भावोजी, बरोबर वाचलंत.

तुझाच,
मोजपट्टी