दोन काठांमधली स्कूटी

उमरेड
६ जुलै २०२५

ती. उत्तराआत्या हिस,
भारतीचा सा. न. वि. वि.

आज आधी कोडे घालते, खुशाली नंतर. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली, उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, रस्ता मोकळा दिसला, म्हणून गाडी पुढे काढली; आणि पाहते तर नाकासमोर स्कूटी. ती आली कुठून? तूही रस्ता ओलांडताना हे अनुभवले असशील. ज्याला विचारावे तो म्हणतो, अचानकच आली.

माझी स्कूटी शुक्रवारी आली. आमच्या मयुरीच्या नागपूरच्या कॉलेजात कागद देऊन परतताना दिघोरीजवळ, पेट्रोल पंपाशेजारच्या गल्लीतून मी उमरेड रोडवर निघत होते. ब्रेक वेळेवर लागला. बाई पडली नाही, पण तिच्या पिशवीतली वांगी रस्ताभर झाली. ती गोळा करून देताना मी माफी मागत होते आणि ती विचारत होती, काहून वं बाई, डोळे घरी ठेवून आली का. मयुरी शेजारी बसून प्रवेशाचे माहितीपत्रक वाचत होती, तिने काहीच पाहिले नाही.

तुला ठाऊकच आहे, ही गाडी मी शिकले ती फक्त मयुरीसाठी. डाव्या पायाला कॅलिपर लावून ती घरभर फिरते, पण एसटीची पहिली पायरी तिला चढत नाही. तुझ्याकडे मनीषनगरला ठेवावी तर तुझे घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. यांची खाणीतली पाळी दर आठवड्याला बदलते. तेव्हा बी.एस्सी. करायची तर मीच रोज नेऊन आणली पाहिजे. कॉलेज एकवीस तारखेला सुरू होते.

शुक्रवारपासून मी किल्लीला हात लावलेला नाही. हे म्हणाले, मी म्हणतच होतो, मागावरच्या बाईले स्टिअरिंग जमत नसते. पोरीले घरूनच पत्राने शिकू दे. कॅलिपरसाठी नवा बूट करून आणला होता, तो मयुरीने खोक्यात परत ठेवला.

आत्या, माझे डोळे अधू झाले असतील तर स्पष्ट लिही. मग मी हट्ट सोडते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

माया आहे तशीच असू दे.
तुझी,
भारती

*

मनीषनगर, नागपूर
९ जुलै २०२५

चि. सौ. भारती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पावसात एसी लावल्यावर काचेवरचे धुके का जाते, हे तू मार्चमध्ये विचारलेस. सिनेमातल्या गाडीची चाके उलटी का फिरतात, हे मे महिन्यात. दोन्ही प्रश्न चांगले होते, पण परवाचा प्रश्न त्या दोन्हींहून मोलाचा आहे. आधी चिंता मिटवते: तुझे डोळे अधू आहेत असे मला वाटत नाही. चष्म्याच्या दुकानात तपासून घे, म्हणजे शंका उरणार नाही. पण ती स्कूटी तुला दिसली नाही याचे कारण प्रत्येक धडधाकट डोळ्यात आहे.

घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. सेकंदकाटा टकटक पुढे सरकणारा हवा. थोडा वेळ दुसरीकडे पाहा आणि मग चटकन नजर काट्यावर टाक. बऱ्याचदा पहिला सेकंद लांबलेला वाटेल, जणू काटा क्षणभर अडला आणि मग भानावर आला. तू हे शंभरदा पाहिले असशील आणि सेल उतरला असे समजून सोडून दिले असशील.

काटा अडत नाही. अडतो तो आपला हिशेब. नजर एका जागेवरून दुसरीकडे जाते तेव्हा डोळा सरपटत जात नाही, तो उडी मारतो. उडी चालू असताना जग इतके वेगाने पुसले जाते की ते चित्र कामाचे नसते. म्हणून मेंदू तेवढ्या वेळापुरते पाहणे जवळजवळ बंद करतो. मग आपल्याला मध्येमध्ये अंधार का जाणवत नाही? भारती, इतकी वर्षे विज्ञान शिकवूनही इथे मी आजही थबकते. मेंदू ती फट कोरी ठेवत नाही. उडी संपल्यावर जे दिसते तेच तो मागे ओढतो आणि फट बुजवतो. घड्याळाचा तो लांबलेला सेकंद म्हणजे मेंदूने मारलेला रफू. डोळा दिवसभरात लाखाच्या वर उड्या मारतो. जागेपणीचा बराच काळ आपण न पाहताच जगतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

रस्त्यावर याचा अर्थ असा. उजवीकडून डावीकडे तुझी नजर एका उडीत गेली असेल, तर मधला रस्ता तू पाहिलेलाच नाहीस. तरीही तो पाहिल्याची पक्की खात्री तुला झाली. मोठा ट्रक त्या फटीत मावत नाही. स्कूटी सहज मावते.

फक्त एक गोष्ट मला कळत नाही. उड्या सर्वांच्याच डोळ्यांना आहेत, पण बहुतेक माणसे चाचपडत, अडखळत पाहतात, म्हणून मधले काही ना काही त्यांच्या हाती लागते. तुझ्या हाती काहीच लागले नाही. तेव्हा तू नेमके कसे पाहिलेस ते मला सावकाश लिहून कळव. आठवून लिहू नकोस. करून पाहा आणि मग लिही.

जवाईबापूंना नमस्कार सांग. वांगीवाल्या बाईंचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता, हेही सांग.

लोभ आहेच, त्यात खंड पडू नये.
तुझी,
उत्तराआत्या

*

उमरेड
१३ जुलै २०२५

ती. उत्तराआत्या हिस,
सा. न. वि. वि.

घड्याळाचा सेकंद लांबला. मी पाहिला, मयुरीने पाहिला, आणि समोरच्या वंदनाकाकू तर भाजी करपेपर्यंत घड्याळासमोर उभ्या होत्या. चष्मेवाल्याने डोळे उत्तम असल्याचे सांगितले.

तू म्हणालीस तसे करून पाहिले. मयुरीला ओट्यावर समोर बसवले आणि मी गल्लीकडे तोंड करून, गाडीत बसल्यासारखी, उजवीकडे व डावीकडे पाहिले. तिने दहा-बारा वेळा तेच करायला लावले. मग ती हसायला लागली. म्हणाली, आई, तू रस्ता पाहत नाही आहेस, तू साडी विणत आहेस. माझी मान एका टोकाला जाते, तिथे टेकते, आणि लगेच दुसऱ्या टोकाला. मध्ये कुठे थांबणे नाही. पायसुद्धा खाली आळीपाळीने हलत होते म्हणे. मला त्याचा पत्ता नव्हता.

यांना तुझे पत्र वाचून दाखवले. शांतपणे ऐकले. मग म्हणाले, आत्याबाईचं पुस्तक बरोबर असन, पण माह्या डोळ्याले फट नाही; वीस वर्षं खाणीत डंपर चालवून राहिलो, फट असती तर कवाचाच खाली गेलो असतो. मी म्हटले, सर्वांनाच असते असे आत्या लिहिते. तर म्हणाले, मंग मास्तरणीले असन. राग मानू नकोस. पण शेवटी ते जे बोलले ते चेष्टेत नव्हते: ज्या बाईले आपल्या डोळ्याचा भरवसा नाही, तिच्या गाडीत मी पोरीले बसू देणार नाही.

आणि आत्या, मला स्वतःलाच भरवसा राहिलेला नाही. काल रिकाम्या मैदानावर गाडी काढली तेव्हाही प्रत्येक झुडपामागे मला स्कूटी दिसत होती. एकवीस तारीख आठवड्यावर आली.

तुझ्या पत्राची वाट पाहते. आशीर्वाद असावा.
भारती

*

मनीषनगर, नागपूर
१६ जुलै २०२५

चि. सौ. भारती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मयुरीचे वाक्य वाचून मी पत्र मांडीवर ठेवले. उत्तर तिथेच आहे, आणि ते फक्त आपल्या घरातच सापडू शकते.

माझ्या दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, आपल्या दोघींनाही मागावर बसवून काय शिकवले ते आठव. करवतीच्या काठाची साडी विणताना नजर दोन काठांवर हवी. धागा घेऊन धावणारा धोटा काठाशी पोचला का, धागा अडकला का, करवतीचे दात सरळ उतरले का, हे सर्व काठाशी ठरते. मधले अंग धागे ठोकून बसवणारी फणी सांभाळते. तिकडे पाहणारा वेळ घालवतो. मी कॉलेजला गेले आणि ते सुटले. तू तीस वर्षे तेच केलेस. तुझा डोळा एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी घ्यायला इतका तयार झाला आहे की सामान्य माणसाचा डोळा जिथे दोनदा अडखळतो, तिथे तुझा अडखळतच नाही. ही तुझ्या डोळ्याची कमतरता नव्हे. हे कौशल्य आहे, पण रस्त्यावर चुकीच्या जागी आलेले. रस्त्याचे काठ महत्त्वाचे नाहीत. रस्त्याचे सारे काम मधल्या अंगात चालते.

आता उपाय. उडी बंद करता येत नाही, पण ती लहान करता येते, आणि दोन उड्यांमध्ये डोळा टेकवता येतो. टेकलेला डोळाच पाहतो. गाडी पूर्ण थांबव. उजवीकडे प्रथम लांब पाहा आणि नजर तिथे टेकव. मग मध्यावर टेकव. मग अगदी जवळ, बॉनेटच्या कोपऱ्याशी. प्रत्येक ठिकाणी काय दिसले त्याचे नाव मनात घे: ट्रक, झाड, काही नाही. नाव घेतल्याशिवाय डोळा तिथून हलवू नकोस. ते नाव म्हणजे त्याला घातलेली गाठ. डावीकडेही तसेच. निघण्यापूर्वी पुन्हा एकदा उजवीकडे, कारण आपल्याकडे जवळची वाहने तिकडून येतात. आणि पाहताना थोडी पुढे झुक. काचेच्या कडेला जो खांब असतो त्यामागे अख्खी मोटारसायकल लपते, कधीकधी तुझ्याच वेगाने खांबामागे सरकतही राहते. तुटलेला धागा शोधताना झुकतेस तशी झुक.

तू विचारले नाहीस, पण मनात आलेच असेल: मग इतक्या फटी असलेली लाखो माणसे सीताबर्डीच्या चौकातून रोज जिवंत कशी निघतात? मी अनेकदा मुंजे चौकात मेट्रो स्टेशनच्या पुलावर उभी राहून खाली पाहते. रिक्षा, सायकली, बस, डोक्यावर गाठोडे घेतलेली माणसे. एकाचा डोळा उडीत असतो तेव्हा समोरच्याचा टेकलेला असतो. एक चुकतो, दुसरा ब्रेक लावतो. त्या शुक्रवारी तुझ्या फटीत स्कूटी होती, पण त्या बाईंच्या नजरेत तू होतीस. म्हणून फक्त वांगी पडली. शहर म्हणजे एकमेकांच्या फटी झाकणारे लाखो डोळे. मला आकाशातील तारेही इतके थक्क करत नाहीत.

भीतीविषयी एवढेच. ज्याला आपल्या डोळ्याची फट ठाऊक झाली, तो ती ठाऊक नसलेल्या माणसाहून जास्त भरवशाचा. हे जवाईबापूंना मी पटवू शकत नाही, कारण ते मास्तरणीचे ऐकणार नाहीत. पण मयुरीला माझी सगळी पत्रे नीट वाचायला दे.

निकाल काहीही लागो, लिहीत राहावे.
तुझी,
उत्तराआत्या

*

उमरेड
२२ जुलै २०२५

ती. उत्तराआत्या हिस,
सा. न. वि. वि.

मयुरी काल कॉलेजला गेली. मी नेले, मीच आणले.

यांनी पाळी बदलून घेतली होती आणि पहिल्या दिवसापुरते मागे बसले होते. मयुरी पुढे, माझ्या डावीकडे. येताना मी मुद्दाम त्याच पेट्रोल पंपाशेजारच्या गल्लीतून गाडी आणली. थांबवली. लांब: ट्रक. मध्ये: दूधवाला. जवळ: काही नाही. नजर डावीकडे वळवणार तोच मयुरी हळूच म्हणाली, आई, डावीकडून सायकल, उलटी येऊन राहिली. माझी नजर तिथवर पोचलीच नव्हती. सायकल गेली. पुन्हा उजवीकडे पाहिले, मध्यावर एक रिक्षा उगवली होती, तीही जाऊ दिली. मग निघाले. मागून कोणी हॉर्न वाजवत होता. हे खिडकीतून तोंड काढून त्याला म्हणाले, थांब गा, पाहून राहिली ना ती.

आत्या, मला पहिल्यांदाच तो रस्ता अख्खा दिसला. किती माणसे असतात गं त्यात.

यांची ताकीद मिळाली आहे: मयुरीने गाडीत पुस्तक उघडायचे नाही, फोन पाहायचा नाही. डावी बाजू तिची, आणि बोलायचे ते मोठ्याने. तिला हे काम इतके आवडले आहे की नवा बूट रात्री काढायलाही ती तयार नव्हती.

हे तयार कसे झाले, ते मुद्दाम शेवटी लिहिते, कारण ते वाचून तू पत्र खाली ठेवून उठशील. शनिवारी हे दाढी करत होते. मयुरी तुझी पत्रे वाचून शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्यांना आरशात एक गोष्ट करायला लावली. हे म्हणाले, काहीच होत नाही. ती म्हणाली, होतं बाबा, मले दिसून राहिलं. हे म्हणाले, आरसा खराब आहे. कपाटाच्या आरशासमोर गेले, तिथेही तेच. मग त्यांनी मला आरशासमोर उभी करून तेच करायला लावले आणि माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिले. अर्ध्या गालावर साबण तसाच. मग खाली बसले आणि म्हणाले, मंग गाडीत एकानं पाहून भागत नाही, दोघांनी पाहा लागते. आणि किल्ली आणून माझ्या हातात दिली.

घरच्या सर्वांचा नमस्कार. माया करतेस तशीच करत राहा.
तुझी,
भारती

ता. क. गोष्ट अशी. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या इंदूबाईंना वर बोलव, कारण हे एकट्याने होत नाही. आरशापासून वीतभर अंतरावर उभी राहा. आरशातल्या स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या डोळ्याकडे, मग पुन्हा डाव्या. डोके हलवू नकोस. तुझे डोळे हलताना तुला दिसणार नाहीत; कितीही वेळा कर, ते जागच्या जागी असल्यासारखेच वाटतील. मग इंदूबाईंना विचार, त्यांना काय दिसले.