चौदा फेरे

३ ऑक्टोबर

पोहोचलो. बसने हाडं खिळखिळी केली, पण वळणावर हे घर दिसलं आणि शीण उतरला. दुमजली, उतरत्या छपराचं, फाटकाशी एक वाकडं सुरूचं झाड. साहेब स्वतः काठी टेकत सामोरे आले. वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून फुटपट्टीसारखी. मोठा माणूस, दोन शब्द बोलून आत जाईल असं वाटलं होतं. तर माझा हात धरून म्हणाले, तुझी जिवणी थेट त्याच्यासारखी आहे.

त्याच्यासारखी म्हणजे दादासारखी. माझा थोरला भाऊ साहेबांच्या रणगाड्याचा चालक होता. चोपन्न वर्षांपूर्वी लढाईत त्या रणगाड्यासकट गेला. साहेब त्या रणगाड्याचे प्रमुख होते. आता पलटणीच्या संग्रहालयात नवं दालन उघडतंय आणि तिथे त्या रणगाड्याची हुबेहूब प्रतिकृती ठेवायची आहे. मी जन्मभर शाळेत भाषा शिकवली आणि दर सुट्टीत लष्करी गाड्यांची मॉडेलं केली, हे साहेबांना कुठूनसं कळलं. त्यांनी पत्र धाडलं, की त्याच्या भावाला सोडून हे काम मी कोणाला देऊ? वीस तारखेला उद्घाटन आहे.

कामाची जागा तळखोलीत. स्वयंपाकघरामागच्या बोळात जमिनीत एक जाड लाकडी झडप आहे. ती उचलायची आणि सात पायऱ्या उतरायच्या. खाली लांब टेबल, चांगला दिवा, छताशी वीतभर उंचीची गजांची खिडकी. फोनला रेंज नाही. लेकीला वरूनच फोन करून सांगितलं, तुझा बाप अखेर रणगाड्यात शिरला. ती म्हणाली, शिरा, पण दुपारची गोळी घेऊन शिरा.

घर साहेबांची सूनबाई सांभाळते. जिभेला धार आहे. माझी खोकी उचलताना म्हणाली, काका, खेळण्यांसाठी एवढा प्रवास? मी म्हटलं, मुलं खेळणं मोडलं की रडतात, आम्ही जुळलं नाही की रडतो. हसली. चहात साखर मात्र जपून घातली होती.

६ ऑक्टोबर

काम छान लागलंय. एकास पस्तीस प्रमाण, म्हणजे अख्खा रणगाडा माझ्या दोन तळहातांवर मावतो. खालचा सांगाडा, चाकं, पट्टे झाले. वरचा घुमट, ज्याला टरेट म्हणतात, तोफेच्या नळीसकट नुसता बसवून ठेवलाय. तो अजून फिरतो. आमच्या छंदातली माणसं एकमेकांना चिडवताना ‘रिव्हेटमोजे’, म्हणजे पत्र्यावरचे खिळे मोजणारे, म्हणतात. चिडवू देत. मी काल साठ रिव्हेट मोजले आणि कारखान्यातून आलेल्या संचात चार कमी निघाले. माझा नियम सोपा आहे: आधी पुरावा, मग गोंद. फोटोत दिसलं तरच मॉडेलवर येणार.

अडचण एवढीच, की लढाईनंतरचा फोटो साहेबांकडे नाही. निघण्याआधी मी पलटणीच्या नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाला पत्र टाकलंय, फोटो इथेच पाठव म्हणून. तोवर साहेब सांगतील ते. ते म्हणतात, घुमट उजवीकडे वळलेला होता, शत्रूकडे. समोरून गोळा आला आणि तुझा भाऊ क्षणात गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

हेच वाक्य दादा गेल्यावर घरी आलेल्या पत्रात होतं. आई ते पत्र उशीखाली ठेवायची. शेवटच्या आजारात रोज माझ्याकडून वाचून घ्यायची, आणि ‘क्षणात’ या शब्दापाशी मी आलो की तिचा श्वास जरा संथ व्हायचा.

खिडकीतून तिरपं ऊन येतं तेव्हा लहानपण आठवतं. दादाची खोली आणि माझी, मध्ये लाकडी भिंत. तो मला ‘पाठांतऱ्या’ म्हणायचा, कारण कविता मला एका वाचनात यायची आणि त्याला दहा वाचनांत. पण वृत्त त्याच्या बोटांत होतं. लघु म्हणजे नखाने टिक, गुरू म्हणजे बोटाच्या गाठीने ठक. त्याचा लाडका भुजंगप्रयात: टिक ठक ठक हा एक गण, असे चार झाले की चरण पुरा. तो दोन गण वाजवायचा, उरलेले दोन मी. मी झोपलो असलो तर तो थांबायचा नाही. उत्तर येईपर्यंत वाजवायचा.

९ ऑक्टोबर

आज एक गंमत. जेवून अर्धा तास पडलो, खाली आलो, तर घुमट फिरलेला. तोफ उजवीकडे सोडली होती, ती समोर, किंचित डावीकडे. टेबलाला धक्का लागला असेल म्हणून परत फिरवली.

सूनबाईला विचारलं, घरात मांजर आहे का? म्हणाली, नाही, आणि असतं तर आधी त्याने उंदीर फिरवले असते, तोफ कशाला?

चालकाचं झाकण बसवलं. चालक पुढे, डाव्या अंगाला बसतो. त्याचं झाकण आधी चार बोटं वर येतं आणि मगच बाजूला सरकतं. मी ते बंद स्थितीत चिकटवलं. आत काही दिसणार नसेल तर आतलं कोणी रंगवत नाही. पण मी चालकाची सीट रंगवली, झाकण लावण्याआधी. उगाच.

११ ऑक्टोबर

पुन्हा फिरला. घुमटाखाली कागदाची चकती घालून घट्ट केला होता, हाताने फिरवायलाही जोर लागत होता. चहा प्यायला वर गेलो, दहा मिनिटांत आलो. तोफ तिथेच, समोर, किंचित डावीकडे.

आज नीट पाहिलं. तशी वळली की नळी बरोबर चालकाच्या झाकणावर येते. नखाएवढीही फट उरत नाही.

जुन्या पुस्तिकेत याचा इशारा सापडला. तोफ त्या जागी असेल तर चालकाचं झाकण उघडत नाही. म्हणून रणगाडा सोडताना शेवटच्या माणसाने घुमट फिरवून चालकाला वाट द्यायची. वीज गेली असेल तर हाताच्या दांड्याने. चौदा फेरे.

तळाशीही एक दार असतं, पण ते मऊ जमिनीत रुतलं तर कामाचं नाही.

साहेबांना हे जेवताना सहज सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, पुस्तकं वाचून लढाया कळत नाहीत, मास्तर. आजवर मला नावाने हाक मारत होते.

१३ ऑक्टोबर

दुपारी तीन.

आवाज आला. सुतारपक्ष्यासारखा, पण मॉडेलमधून. वाकून कान लावला.

टिक ठक ठक. टिक ठक ठक.

मग थांबला. मग पुन्हा तेवढंच. दोन गण. अर्धा चरण.

प्लॅस्टिक उन्हाने प्रसरण पावतं, जोड करकरतात. हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलोय. पण उन्हाला वृत्त येत नाही.

मी उत्तर दिलं नाही. वर येऊन सूनबाईपाशी वाटाणे सोलत बसलो. ती म्हणाली, काका, चेहरा का असा, रणगाड्याने चावलं का?

१५ ऑक्टोबर

कारकुनाचं पाकीट आलं. फोटो मोठा, स्वच्छ. लढाईनंतर तीन दिवसांनी काढलेला. रणगाडा पट्ट्यांपर्यंत चिखलात. समोर, उजवीकडे, कुठेही गोळ्याचं भोक नाही. भोक मागे, इंजिनाला.

तोफ समोर, किंचित डावीकडे.

भिंग लावलं. चालकाचं झाकण बंद नाही. दोन बोटं उचललेलं. नळीला टेकलेलं. फटीभोवती रंग जळालाय. फटीत काय आहे ते मी लिहीत नाही.

मॉडेलकडे पाहिलं. मी चिकटवलेलं झाकण तेवढंच उचललेलं आहे. नखाच्या जाडीएवढं.

आई, बरं झालं तू नाहीस.

१६ ऑक्टोबर

फोटो साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला नाही. पाहायची गरज नव्हती.

सगळं सांगितलं. मागून गोळा आला, आग लागली, वीज गेली. दोघे जवान आधी उडी मारून गेले. शेवटचे साहेब. दांडा धरला. तीन फेरे दिले. हात भाजला. म्हणाले, अकरा उरले होते, आणि मला तेव्हा दोन वर्षांचा मुलगा होता.

मी विचारलं, तो गप्प होता का?

म्हणाले, ओरडला नाही. वाजवत होता. आतून, लोखंडावर. विचित्र ठेका होता. आणि काठीच्या मुठीवर बोटाने वाजवून दाखवला.

टिक ठक ठक. टिक ठक ठक.

या माणसाला वृत्त काय ते ठाऊक नाही. चोपन्न वर्षं त्याच्या बोटात ते बसलंय.

मग माझे हात धरले. म्हणाले, वीस तारखेला मुलगा येईल, नातवंडं येतील. तुझ्या आईला ते पत्र मीच लिहिलं होतं. तिला त्यातून झोप लागली ना? मग ते आता खोटं कशाला पाडतोस? घुमट उजवीकडे पक्का कर. एवढंच.

हो म्हणालो. मी कायम हो म्हणत आलोय. दादा म्हणायचा, पाठांतऱ्या, तुला दुसऱ्याचे शब्द छान येतात.

१७ ऑक्टोबर

केलं. बारीक भोक पाडलं, घुमटातून खाली सांगाड्यात पोलादी सुई ठोकली, वर सगळ्यात जहाल गोंद सोडला. तोफ उजवीकडे. झाकण दाबून बंद. त्यावर रंग.

करताना आतून वाजत होतं. घाईघाईने. मी रेडिओ मोठा केला.

फोटो साहेबांनी चुलीत घातला. मी बघत होतो.

१८ ऑक्टोबर

वाजत नाही. सकाळपासून एकदाही नाही.

हे जास्त वाईट आहे.

खाली डिझेलचा वास येतो. सूनबाई म्हणते, तुमच्या थिनरचा असेल. थिनरची बाटली वर माळ्यावर आहे.

लेकीला फोन केला. उद्याच निघतो म्हणालो. ती म्हणाली, कार्यक्रम परवा आहे ना, बाबा? मी फोन ठेवला.

१९ ऑक्टोबर, दुपारी दोन

सूनबाई पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेली. घरात साहेब आणि मी. मॉडेल खोक्यात भरायचं, साहेबांच्या हवाली करायचं आणि चारची बस धरायची, एवढ्यासाठी खाली आलो.

तोफ समोर आहे. किंचित डावीकडे.

सुई तशीच आहे, गोंद तसाच, भेग नाही. जणू मी ती तिथेच ठोकली होती.

मागे झडप पडली. वाऱ्याने असेल —

अडीच

उघडत नाही. खांद्याने रेटली. दोन बोटं वर येते आणि अडते. आडवं काहीतरी आहे वर. फटीतून दिसतं. गोल, काळं, लांब. हात लावला. पोळला.

बोळात असं काही नाही. बोळात केरसुणीसुद्धा नसते.

खिडकीतून धूर येतोय. बाहेर मात्र स्वच्छ ऊन दिसतंय.

हाका मारल्या. काठीचा आवाज आला. साहेब आले. फटीतून त्यांचे बूट दिसले. मी म्हणालो, साहेब, वर काय पडलंय ते सरकवा, मी आत आहे. ते धापा टाकत होते. मग म्हणाले, फिरवतो. फिरवतो, थांब.

लोखंडाचा करकर आवाज. एक फेरा. दोन. तीन.

फट बोटभर वाढली.

मग काठीचा आवाज. दूर. आणखी दूर —

पावणेतीन की काय

मॉडेलचा घुमट फिरवायला हवा. तो फिरला तर वरचंही — पण सुई. पातं मोडलं. चिमटा वाकला. नखं गेली. गोंद जहाल, मीच आणला. मीच ठोकली.

दादा, मी हो म्हणालो होतो. माझी चूक —

आईच्या पत्रातला क्षण. मी मोजतोय तो. कविता म्हणत मोजतोय, दुसरं काही येत नाही. चाळीस चरण झाले. क्षण संपला नाही. एवढा मोठा असतो तो, आई —

टेबल तापलंय. कागद पिवळा पडतोय कडेने.

हाका मारायला श्वास नाही. झडपेवर वाजवलं. साहेबांना हा ठेका ठाऊक आहे. दोन गण. थांबलो. पुन्हा दोन. वर कोणी नाही. कोणी येत —

वरून नाही. टेबलावरून. तो उत्तर देतोय. उरलेला अर्धा —

टिक ठक ठक

टिक ठ