वसंताची जागा

शनिवार, मार्च १९५६. संध्याकाळ.

उद्या उल्हास नदीवर होडी वल्हवायला जायचं म्हणून सकाळीच पिशवी भरली होती. टॉवेल, जादा सदरा, दशम्या. होडी चिंचोळी, दोघांची. माझ्या मागे माझा मित्र वसंता बसणार होता. पण जानेवारीत मोर्च्यात त्याला पोलिसांची गोळी लागली आणि उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

दुपारी आम्हाला नेणारे व्यायामशाळेचे मास्तर आले. "वसंताच्या जागी दुसरा घेऊ ना?" म्हणाले. मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच का?

मग भोईवाड्याला त्याच्या खोलीवर जाऊन सांगून टाकलं. त्याने विचारलं,

"पाणी संथ असतं ना रे तिथे?"

"अगदी संथ."

"मग मी नुसता बसलो असतो. तुला एकट्याला वल्हवता आलं असतं."

हे मला सुचलंच नव्हतं. त्याला आधी विचारावं, हेसुद्धा नाही. मी लगेच हो म्हणालो होतो.

तसाच मास्तरांकडे गेलो. ती जागा भरली होती. मग माझंही नाव खोडायला सांगितलं. त्यांनी कारण न विचारता खोडलं. तसं केल्याने मला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. नाही वाटलं.