घरच्यांचा पत्ता

बाबा, ताश्कंदहून फोन आला होता. तोही ऐन सकाळी, मेडिकलमध्ये गर्दी असताना. सोयाबीनच्या दिवसांत वरोऱ्याच्या बाजाराला आलेली माणसं आधी माल विकतात आणि मग अंगदुखीची गोळी मागतात, त्यामुळे माझ्या एका हातात गोळ्या आणि दुसऱ्या हातात फोन. पलीकडे एक मुलगी होती, तुझ्या औषध कंपनीच्या तिथल्या उपकंपनीत कामाला असलेली. हिंदी सिनेमे पाहूनच हिंदी शिकलीय म्हणे, म्हणून साधं ‘नमस्ते’ म्हणतानाही तिचा गळा भरून आल्यासारखा वाटत होता. ‘‘दीदी, आपके पिताजी हमारे पहले साहब थे,’’ ती म्हणाली. उपकंपनीचा इतिहास छापायचा आहे, ते काम तिच्या गळ्यात पडलंय. तुझा एक फोटो हवा होता. देते म्हटलं. मग तिने आवाज खाली केला आणि खरा प्रश्न काढला.

त्यांच्या गोदामात एक नियम आहे. भारतातून नवा माल आला की पहिली पेटी फोडायची, त्यातला गोळ्यांचा एक पत्ता काढून दाराजवळच्या फळीवर ठेवायचा, आणि तो ठेवल्याशिवाय एकही बिल फाडायचं नाही. (गोळ्यांच्या पानाला आपण पत्ता म्हणतो, हे मला तिला समजावून सांगावं लागलं. तिने सिनेमात फक्त घराचा ‘पता’ ऐकला होता.) पुढचा माल आला की जुना पत्ता नष्ट करून तिथे नवा ठेवायचा. मुंबईच्या मुख्य कंपनीच्या नियमावलीत असलं काहीही नाही. नवे मॅनेजर म्हणतात, कारण कळलं तर इतिहासात घालू, नाही कळलं तर सोमवारपासून ही पद्धत बंद. ‘‘दीदी, आपको मालूम है?’’ मला मालूम होतं. पण मी म्हटलं, दोन दिवस दे, सांगते.

कारण डोळ्यांपुढे लगेच आजीचं घर उभं राहिलं, एटापल्लीच्याही पुढचं. मी सात-आठ वर्षांची आहे. मर्का पंडुम अजून व्हायचा आहे, म्हणजे नव्या आंब्याची पूजा व्हायची आहे, आणि तोवर गावात कोणी आंब्याला तोंड लावत नाही. मी मात्र चुलीमागे बसून कैरी खातेय, तीही मिठाशिवाय, कारण मिठाचं मडकं आजीच्या पाठीशी आहे. तू आत येतोस, कचकच ऐकतोस. ‘‘अवो, घरच्यायनं अजून चाखला नाई न तू काऊन खाऊन राह्यली?’’ मी आजीकडे बोट दाखवून म्हणते, ‘‘घरची त इथीच बसली हाये. तिले दे मग.’’ आजी पदर तोंडावर घेऊन हसते, पण तू हसत नाहीस. चुलीशेजारचा कोपरा दाखवून सांगतोस की आपल्यात गेलेली माणसं कुठे जात नाहीत, घरातच असतात, तिथे त्यांची जागा आहे. ती खरी घरची. नवं काहीही आलं की आधी त्यांचा वाटा, मग आपला. मला ते पटलं की नाही आठवत नाही, पण उरलेली कैरी तू काढून घेतलीस ते चांगलं आठवतं.

कंपनीने त्या मुलीला इतिहासाचा जो कच्चा मसुदा दिलाय त्यात म्हणे ‘दूरदृष्टी’ हा शब्द फार वेळा आहे. मला हसू आलं. तुझ्या तोंडून ऐकलेला इतिहास वेगळाच होता. एमआर म्हणून तू चंद्रपूर, एटापल्ली, सिरोंचा अशी लाइन फिरायचास, बसच्या टपावर नमुन्यांची बॅग आणि खाली तू. सोव्हिएत देश मोडला, तिकडे औषधांची टंचाई झाली आणि कंपनीने ताश्कंदला दुकान मांडायचं ठरवलं. नागपूरच्या मीटिंगमध्ये कोण जाणार विचारलं तर सगळे बुटांकडे पाहू लागले. तेव्हा तुझे साहेब म्हणाले, ‘‘ज्याला पावसाळ्यात एटापल्ली जमली त्याला काहीही जमेल,’’ आणि तुला वाटलं ही स्तुती आहे! झालं, गेलास. कंपनीने ब्लेझर दिला, थंडीला मात्र काहीच दिलं नाही. पहिलं गोदाम म्हणजे बंद पडलेली बेकरी, आणि पहिला गोदामवाला म्हणजे त्याच बेकरीचा रोट्या भाजणारा, जो बेकरी गेली तरी तिथून हलायला तयार नव्हता. औषधांच्या पेट्यांना पिठाचा वास लागला म्हणून दवाखान्यांनी तक्रार केली. पहिल्या हिवाळ्यात खोकल्याचं औषध ट्रकमध्येच गारठलं, तर तुम्ही दोघांनी त्याच्या बाटल्या भट्टीजवळ मांडून बसवल्या. आज तिथे दोन मजली इमारत आहे आणि गोळ्यांचं पॅकिंगही तिथेच होतं. दूरदृष्टी म्हणायची तर त्या भट्टीची म्हणावी.

तू सुट्टीवर आलास तेव्हा जर्दाळू आणले होतेस, पिशवीभर. आम्ही हात घालणार तोच तू एक उचललास आणि चुलीशेजारी ठेवलास. माय म्हणाली, ‘‘त्यायले कळंन का हे काय हाये थे?’’ तू म्हणालास, ‘‘कळंन. गोड हाये म्हणा.’’ त्या दिवशी आपण किती हसलो. पण आता बोलतेच आहे तर हेही बोलते, त्या वर्षांत मला तुझा राग यायचा. महिन्यातून एकदा फोन, आणि त्यातही तू बेकरीवाल्याचंच पुराण लावायचास. मी दहावीत आहे की बारावीत हे तुला दर वेळी विचारावं लागायचं. तिकडे तुझं मन रमलंय आणि इकडची आम्ही तुझ्या हिशेबातच नाही, असं मला पक्कं वाटायचं. तू परत आलास आणि दोन-तीन वर्षांत कायमचा गेलासही, म्हणून ते विचारायचं राहूनच गेलं.

तर प्रश्न होता की त्या मुलीला सांगायचं काय. खरं सांगितलं तर नवे मॅनेजर म्हणणार, औषधांच्या गोदामात देवदेव कसले, आणि सोमवारी फळी रिकामी. शिवाय छापील इतिहासात तू कायमचा ‘अंधश्रद्धाळू पहिले साहेब’. खोटं सांगणं तर फारच सोपं होतं. ‘तपासणीसाठी राखीव नमुना’ म्हटलं की कुठल्याही औषध कंपनीचा मॅनेजर मान डोलावतो. नियम वाचला असता, पण त्यातून तू गेला असतास. मी मायला विचारलं. ती आता माझ्याकडेच असते, कानाने कमी, जिभेने तेवढीच. म्हणाली, ‘‘खरंच सांग. तुह्या बापानं लपून नाई ठेवला न, दारात ठेवला. मंग तू काऊन लपवून राह्यली?’’ हे तिला न विचारताही मला कळायला हवं होतं. फोन लावायच्या आधी मी सगळं हिंदीत जुळवून ठेवलं, पंडुम म्हणजे काय, पूर्वज म्हणजे काय, अगदी कैरीसकट.

पण फोन लागताच तीच ओरडली, ‘‘दीदी, पता चल गया!’’ तो बेकरीवाला अजून आहे, बाबा. म्हातारा झालाय, नातवाचा हात धरून ऑफिसात आला आणि सगळं सांगून गेला. पहिला माल आला त्या दिवशी तू पत्ता दारात ठेवलास, तेव्हा त्याने विचारलं होतं, हा कोणाचा? तू तुझ्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये उत्तर दिलंस, घरच्यांचा. त्यांच्याकडे म्हणे घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की रोटीचा एक घास खाऊन जातं, आणि उरलेली रोटी ते परत येईपर्यंत घरात जपून ठेवतात. म्हाताऱ्याला वाटलं, या माणसाची बायको आणि मुलगी लांब आहेत, त्यांची आठवण म्हणून हा त्यांचा वाटा काढून ठेवतो. तू भारतात परत गेल्यावर त्यानेच हा नियम लिहून घ्यायला लावला. साहेबांची मुलगी एक दिवस येईल, तोवर तिचा वाटा फळीवर असला पाहिजे, म्हणाला. नव्या मॅनेजरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मुलगी आहे का? या पोरीने सांगितलं, आहे, परवाच बोलले. ‘‘मग चालू द्या,’’ ते म्हणाले.

मी जुळवलेली हिंदी जागच्या जागी राहिली. काउंटरवर एक आजोबा मलम मागत उभे होते आणि मी त्यांच्यासमोर भोकाड पसरून रडले. ते बिचारे म्हणाले, ‘‘राहू दे बाई, उद्या नेतो.’’ थोड्या वेळाने मी मुलीला विचारलं, सध्या फळीवर माझ्या वाट्याला काय आहे? ती म्हणाली, जंताच्या गोळ्या. मायला हे सांगितलं तेव्हा ती खोकला येईपर्यंत हसली.

इतिहास आता छापायला गेलाय. त्यात तू आहेस, बेकरी आहे, ब्लेझरमधला तुझा फोटो आहे, आणि त्या फोटोखाली आहे ‘लांब राहिलेल्या मुलीसाठी’. आपल्या हिशेबाने ते साफ चूक आहे. त्यांची चूक सुधारणं माझं काम होतं, फोन हातात होता आणि आजीनेही तेच सांगितलं असतं. आता तूही घरच्यांतलाच झालास, तेव्हा कारण काहीही छापलं तरी तो पत्ता तुला पोचतोच, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण ते खरं कारण नव्हे. हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून इथे कबूल करते. मी त्यांना काही सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. तो वाटा मला माझाच हवा आहे.